भिंतीकडचा पत्रा

भिंतीकडचा पत्रा कोणीतरी फिरवून ठेवला होता.

दुसऱ्या कोणाच्या ते लक्षातही आलं नसतं. पण तो पत्रा मी कापलेला होता. घरांवर पत्रे घालायचे, पन्हळी बसवायच्या, हेच काम मी जन्मभर केलं. या बंद पडलेल्या विटांच्या कारखान्याच्या आवारात बायकोने सापांसाठी जे पत्रे टाकले होते, ते सगळे माझ्याच दुकानातल्या उरलेल्या तुकड्यांतले. प्रत्येकाचा एक कोपरा मी तिरका कापून कानशीने घासून दिला होता, तिच्या हाताला लागू नये म्हणून. तो घासलेला कोपरा भिंतीच्या बाजूला असायला हवा होता. आता तो वाटेच्या बाजूला होता.

मी वाकून बघितलं. कडेचं गवत दबलेलं होतं. पत्र्याखाली मुंग्या होत्या, त्यांची अंडी होती, एक गोगलगाय होती. साप नव्हता. साप नसायचाच. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की माझ्या आधी कोणीतरी येऊन जातं, म्हणून तो नसतो.

ही पत्र्यांची भानगड आधी सांगायला हवी. बायको औषधाच्या दुकानात कामाला होती. सुट्टीच्या दिवशी लोक बाजारात जातात, ही साप बघायला जायची. कॉलेजातले एक सर शहरातल्या सापांची पाहणी करत होते, आणि हौशी माणसांनी आपापल्या भागात काय दिसलं ते त्यांना कळवायचं, असं ठरलं होतं. साप शोधत हिंडलं तर सापडत नाही. आपलं पाऊल पडायच्या आधी त्याला ते कळलेलं असतं. म्हणून त्याला यावंसं वाटेल अशी जागा करून ठेवायची. जमिनीवर पत्रा टाकायचा. सकाळच्या उन्हाने पत्रा तापतो, खाली ऊब राहते, वरून कावळ्याला दिसत नाही. साप आपण होऊन येऊन पडतो. मग वाटेच्या बाजूला उभं राहून लांब आकड्याने पलीकडचा कोपरा धरायचा आणि पत्रा आपल्याकडे ओढत उभा करायचा. फट भिंतीकडे उघडते. साप निघाला तर भिंतीकडे जातो, आपल्या पायांत येत नाही. आणि एकदा उचललेल्या पत्र्याला पुढे आठवडाभर हात लावायचा नाही, नाहीतर साप ती जागा सोडतो. हे ती सगळ्यांना सांगायची.

मागच्या उन्हाळ्यात, आजारी असतानाच, तिने या भिंतीकडच्या पत्र्याखाली पिवळ्या कड्याचा साप बघितला. राखाडी, बोटाएवढा जाड, मानेला पिवळं कडं. हा साप आपल्या भागात आहे असं कोणी मानत नव्हतं. ती एकटीच होती. फोन पिशवीत. पिशवी उघडेपर्यंत साप भिंतीच्या विटांमध्ये गेला. घरी आली ती चपला न काढताच स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "कडं बघितलं मी. अगदी नीट बघितलं." चपलांची माती मी नंतर पुसली.

हिवाळ्यात ती गेली.

सर भेटायला आले. चहा घेतला, चांगलं बोलले. उठताना म्हणाले, "तो पिवळ्या कड्याचा साप या उन्हाळ्यात पुन्हा दिसला तर बरं होईल. एकाच माणसाने बघितलेलं, फोटो नाही. शिवाय तुमच्या मिसेसना तेव्हा बरं नव्हतं. उन्हाळा संपला की पाहणी संपते. तोवर नाही दिसला तर मला तो वगळावा लागेल."

बरं नव्हतं म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. ते चपला घालून गेले आणि ते दोन शब्द घरात राहिले.

ऊन तापायला लागलं तसा मी तिचा आकडा घेऊन कारखान्यात जाऊ लागलो. साप शोधण्याइतकं चिडवणारं काम दुसरं नसेल. गळकं छप्पर असलं तर पाणी कुठेतरी पडतंच. त्याच्या मागे मागे गेलं की भोक सापडतं. साप नसला की काहीच नसतं, मागे जायला वाटच नसते. दोरी दिसते, मूळ दिसतं, सायकलची ट्यूब दिसते, कोणाचा तरी कंबरेचा पट्टा दिसतो. एकदा मी एका काळ्या वेटोळ्यासमोर श्वास धरून उभा राहिलो. गुडघा भरून आला तेव्हा त्याच्यावर कंपनीचं नाव छापलेलं दिसलं. पाइप होता. गवतात सळसळ झाली की सरडा असतो, सरडा नसला तर वारा. सगळ्यात वाईट म्हणजे पत्रा उचलावा आणि खाली मातीत गुळगुळीत वळण उमटलेलं असावं, कोणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखं.

आणि आता हा फिरवलेला पत्रा.

फाटकावर एक पहारेकरी असायचा. यंत्रं विकून झाली होती, छप्पर उडालं होतं. तो कशावर पहारा करतो हे त्यालाच ठाऊक.

"इथे कोण येतं?" मी त्याला विचारलं.

"तुम्ही येता."

"माझ्याशिवाय?"

"मी येतो."

"चेष्टा नकोय. माझ्या पत्र्यांना कोण हात लावतं?"

"मी तर नाही लावत. खाली साप असतात म्हणे."

"असते तर कशाला विचारलं असतं?"

"मग नसतात तर उचलता कशाला?" तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "तुम्ही गेलात की एक माणूस येतं. कधी तुमच्या आधीही येऊन जातं. नाव मी विचारलं नाही. तुमचं तरी कुठे विचारलं?"

"दिसायला कसं आहे?"

"घाईत असतं."

याहून जास्त तो बोलला नाही, आणि मला त्याचाही संशय आला. भंगारवाल्याला पत्रे विकायचा विचार असेल. पण विकायचे असते तर परत कशाला ठेवले असते?

मग माझा संशय सरांवर आला. सरांनी मागे एका भाषणात सांगितलं होतं, की पिवळ्या कड्याचा साप या बाजूला नाही. बायको ते ऐकून आली होती. आता तो निघाला तर बोललेलं गिळावं लागणार. तो निघूच नये असं कोणाला वाटत असेल तर त्यांनाच. खरं तर पत्रा चुकीच्या बाजूने उचललेला होता, हे अडाणी माणसाचं काम. पण शहाण्या माणसाला अडाण्यासारखं वागायला किती वेळ लागतो?

मी त्यांना फोन केला. "सर, तुम्ही कारखान्यात जाऊन आलात का?"

"मला वेळ कुठे आहे हो. का, काही दिसलं का?"

"नाही. सहज विचारलं."

"काही दिसलं तर आधी मला सांगा," ते म्हणाले. आधी मला. हे मी फोन ठेवल्यावर बराच वेळ मनात घोळवत बसलो.

दुसऱ्या दिवशी मी प्रत्येक पत्र्यावर गवताची एक काडी ठेवली. पत्रा हलला तर काडी पडणार. नंतर जाऊन बघितलं, भिंतीकडची काडी खाली पडलेली. पुन्हा ठेवली, पुन्हा पडली. मग मी रोज जायला लागलो. सकाळी जायचो, कधी दुपारीही. काडी पडलेली असली की पत्रा उचलून बघायचो, त्याने खालून काही नेलं तर नाही ना. पडलेली नसली तरी बघायचो, कारण काडी परत ठेवायला कोणाला येत नाही?

अशा वागण्याने माणूस घरातही तसाच होतो. एका संध्याकाळी मी बायकोचं औषधांचं कपाट आवरायला घेतलं. इतके दिवस हात लावला नव्हता. एका खोक्यात गोळ्यांसोबतचा बारीक अक्षरातला कागद होता. चष्मा लावून वाचला. मळमळ, थकवा, झोप न येणं. आणि त्याच ओळीत पुढे, क्वचित भास होणे.

मी तो कागद होता तसा घडी घालून आत ठेवला. पण वाचलेलं परत ठेवता येत नाही. त्या दिवसापासून माझा संशय कारखान्यातून निघून घरात आला. पहारेकरी राहिला बाजूला, सरही राहिले. आता मी तिच्याकडेच बघत होतो. दारात उभी होती, चपलांना माती होती, डोळे चमकत होते. आनंदाने चमकत होते की तापाने?

बायकोची धाकटी बहीण बाजारपेठेत केस कापायचं पार्लर चालवते. माझे केसही तीच कापते, दुकानात गर्दी नसली की बोलावते. त्या आठवड्यात मी तिच्या खुर्चीत बसलो होतो.

"भावोजी, मान खाली. तुमच्या केसांत गवत कसं काय?"

"कारखान्यात जातो."

"ते दिसतंय. उन्हात काळे ठिक्कर पडलात. परवा एक बाई मला म्हणाली, तुझे भावोजी भंगार गोळा करतात का आता?"

"तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, मिळत नाही हो काही, नाहीतर वाटा मागितला असता."

मी हसलो नाही. आरशात तिच्याकडे बघून विचारलं, "ताई तुझ्याशी बोलायची ना आजारात. तिला कधी नसलेलं काही दिसायचं का?"

तिची कात्री थांबली. "म्हणजे?"

"म्हणजे भास वगैरे."

"हे कोण म्हणालं? ते सर?"

"कोणी नाही. मीच विचारतोय."

मागचे केस तिने इतक्या मुकाट्याने कापले आणि डोकं धुऊन दिलं, की मला वाटलं, ही काहीतरी लपवतेय. ती माझ्याशी बोलत नाही असं आयुष्यात कधी झालं नव्हतं. निघताना म्हणाली, "तुम्ही विचारलंत हे. दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर त्याला अर्ध्या डोक्यानेच घरी पाठवलं असतं."

त्यानंतर दोन-चार दिवसांतच, भिंतीकडच्या पत्र्याखाली मला कात मिळाली.

मी आकडा टाकून तिथेच बसलो. सापाची पूर्ण कात, डोक्यापासून शेपटीपर्यंत, हातभर लांब. कडं कातीवर उमटत नाही, पण डोक्यावरचे आणि पाठीवरचे खवले मोजून साप कोणता ते सरांना सांगता येतं, हे मला ठाऊक होतं. मी ती डब्यात ठेवली आणि तिथूनच सरांना फोन केला. "सर, कात मिळाली. भिंतीकडच्या पत्र्याखाली."

"ताजी आहे?"

"मऊ आहे."

"मग ताजी. उद्या सकाळी येतो. हात लावू नका जास्त."

घरी येऊन मी ती टेबलावर कागदावर काढून ठेवली. बायकोच्या खुर्चीसमोर ठेवली, खरं सांगायचं तर. आणि बघत बसलो. बघता बघता मला ती आवडेनाशी झाली.

एक तर ती फार सरळ होती. साप कात टाकतो तेव्हा ती पायमोजा ओढून काढावा तशी उलटी निघते. त्याला घासायला विटेची धार लागते, मूळ लागतं. कात कुठेतरी अडकलेली, चुरगळलेली असते. ही पत्र्याच्या बरोबर मधोमध होती, इस्त्री करून ठेवावी तशी. माझ्या कामात एखादा सांधा फारच चांगला दिसला तर मी आधी तोच तपासतो. आणि दुसरं, तिला वास येत होता. मी नाक जवळ नेलं. सफरचंदाचा वास.

कोणीतरी माझी थट्टा करत होतं. उद्या सर येणार, कात बघणार, हसणार, आणि म्हणणार, म्हातारा बायकोसाठी खोटं करायला लागला. नाहीतर सरांनीच ती ठेवली, मला खोटं पाडायला. म्हणूनच ताजी आहे का विचारलं. मी खोलीत येरझाऱ्या घातल्या. डोकं खाजवलं, आणि हात नाकाजवळ आला.

माझ्या केसांनाही तोच वास होता.

पार्लर बंद करायची वेळ झाली होती. धाकटी जमिनीवरचे केस झाडत होती. मी डबा तिच्या टेबलावर, कंगव्यांच्या शेजारी ठेवला. तिने झाकण उघडलं नाही.

"मिळाली ना," ती म्हणाली.

"कुठून आणलीस?"

"कुठून म्हणजे? तुम्हाला मिळाली ना पत्र्याखाली?"

"अगं, सापाला कंडिशनर लावलंय."

ती झाडू धरून उभी राहिली. मग खाली बसली, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत. "वाळलेली होती. हातात घेतली की तुटत होती. ताई म्हणायची, ताजी कात मऊ असते. मग म्हटलं, केस मऊ होतात तर..."

"ही तुझ्याकडे आली कुठून?"

"ताईनेच दिली होती. पाण्याच्या टाकीपाशी मिळालेली. पाकिटात ठेव म्हणाली, पैसे येतील. तिची थट्टा."

"म्हणजे साध्या पाणसापाची. सर खवले मोजतात, एका मिनिटात त्यांना कळलं असतं."

"मला कसं माहीत? मला सगळे साप सारखेच." तिने तोंड पुसलं. "तुम्ही त्या दिवशी विचारलंत, भास होत होते का. म्हटलं, घरातलाच माणूस असं विचारायला लागला, म्हणजे आता थांबून चालणार नाही."

"आणि पत्रे? ते तू उचलत होतीस?"

"दुकान उघडायच्या आधी. कधी दुपारी. ताईसाठी मलाही तो बघायचा होता. तुम्हाला सांगितलं असतं तर म्हणाला असतात, तू कशाला उन्हात येतेस."

"चुकीच्या बाजूने उचलत होतीस. साप निघाला असता तर थेट पायांत."

"निघाला कुठे? कोणीतरी माझ्या आधी येऊन उचकून जायचं. पत्र्यांवर काड्या काय ठेवलेल्या असायच्या, मला वाटलं करणी-बिरणी आहे."

मी दुसऱ्या खुर्चीत बसलो. आरशात आम्ही दोघे दिसत होतो. दोघांच्याही मनात एकाच वेळी तेच आलं असावं, कारण तीच म्हणाली, "ताई आठवडाभर हात लावू नका म्हणायची ना?"

"म्हणायची."

"मग त्याने थांबावं तरी कधी, बिचाऱ्याने?"

दुसऱ्या दिवशी सर आले तेव्हा मी धाकटीसमोरच त्यांना सांगितलं, ती कात घरातली होती, पत्र्याखालची नव्हे, माझी गफलत झाली. त्यांनी माझ्याकडे, मग धाकटीकडे बघितलं. काय झालं असेल ते त्यांना बहुतेक कळलं. पण हसले नाहीत, हे मी त्यांच्या बाजूने जमा धरलं. मी एवढंच मागितलं, की उन्हाळा संपेपर्यंत पत्र्यांना कोणी हात लावणार नाही, आणि पाहणीच्या शेवटच्या दिवशी त्यांनी स्वतः यावं, एकदाच उचलायचं.

"चालेल," ते म्हणाले. "पण मग तेच शेवटचं."

न बघणं बघण्याहून अवघड निघालं. मी दुकानात बसून एकाच पन्हळीला पुन्हा पुन्हा ठोकत राहायचो. धाकटी फोन करायची, "गेलात?" "नाही. तू?" "नाही." आणि दोघांचाही एकमेकांवर विश्वास नसायचा. एकदा तर मी फाटकापर्यंत गेलो, फक्त पहारेकऱ्याला विचारायला. तो म्हणाला, "ती पण कालच हेच विचारून गेली."

शेवटच्या दिवशी सकाळी ऊन चांगलं होतं. सर फोन हातात धरून तयार होते, या वेळी फोटो चुकायला नको म्हणून. धाकटी माझ्यामागे उभी राहिली. मी वाटेच्या बाजूला पाय रोवले, आकडा घासलेल्या कोपऱ्याला लावला आणि पत्रा हळू ओढत उभा केला.

काहीतरी हललं. पत्र्यावरून मान काढून बघितलं तेव्हा भिंतीच्या तळाशी, दोन विटांच्या फटीत, वीतभर शेपूट आत जात होतं. राखाडी. बोटाहून बारीक होत गेलेलं. मग फक्त फट राहिली.

"गेला?" सर म्हणाले. ते फोनच्या पडद्यात बघत होते. पडद्यात पत्राच आला होता.

"गेला."

"कडं दिसलं?"

"भावोजी," धाकटी मागून म्हणाली. एवढंच.

सर माझ्याजवळ आले. हळू आवाजात म्हणाले, "हे बघा. तुम्ही मानेला कडं बघितलं म्हणालात तर दोन वेगळ्या माणसांनी, दोन उन्हाळ्यांत, एकाच पत्र्याखाली बघितलं असं होतं. मग मला ते धरता येईल. मी जास्त विचारणार नाही."

मला त्यांचा पुन्हा संशय आला. हे मला मदत करतायत की परीक्षा घेतायत? पत्रा अजून माझ्या हातात उभा होता. डोळे मिटले असते तर मला कडं दिसलंही असतं, इतके दिवस मी तेच बघत होतो.

"शेपूट दिसलं," मी म्हणालो. "मान आधीच आत गेली होती. कोणता ते सांगता येत नाही."

सरांनी फोन खाली केला. "सांगता येत नाही," ते म्हणाले. "तुमच्या घरात हेच शिकवतात का? तुमच्या मिसेसनी या तीन शब्दांनी मला वैताग आणला होता. दर वेळी, साप दिसला, पण सांगता येत नाही. शेपूट दिसलं, सांगता येत नाही. मी म्हणायचो, अहो, अंदाजाने तरी सांगा. त्या म्हणायच्या, अंदाजाने मी गोळीसुद्धा देत नाही."

ते सहज बोलून गेले. मी मात्र पत्रा धरून उभाच राहिलो. दुकानात चिठ्ठीवरचं अक्षर लागलं नाही तर ती डॉक्टरांना फोन करायची. गिऱ्हाईक ओरडत राहायचं आणि ही फोन कानाला लावून उभी. घरी मी कंटाळून म्हणायचो, एवढं काय त्यात. असं माणूस त्या दिवशी चपला न काढता आत आलं आणि म्हणालं, नीट बघितलं.

"सर," मी म्हणालो, "पिवळ्या कड्याच्या वेळी ती तुम्हाला काय म्हणाली होती? सांगता येत नाही म्हणाली होती?"

सरांनी भिंतीकडे बघितलं. "नाही," ते म्हणाले. "तेव्हा नव्हत्या म्हणाल्या." मग फोन खिशात टाकला. "बघतो मी."

बघतो म्हणणाऱ्या माणसावर मी एरवी विश्वास ठेवत नाही. या वेळी मागे लागलो नाही. ते धरोत नाहीतर वगळोत, मला जे विचारायचं होतं त्याचं उत्तर मिळालं होतं, आणि ते सरांकडून नव्हतं.

मी पत्रा खाली ठेवला, खालचा जीव दाबला जाऊ नये इतका हळू. घासलेला कोपरा भिंतीकडे.

"उद्या येऊन बघायचं?" धाकटीने विचारलं.

"आठवड्याने," मी म्हणालो. "आणि वाटेच्या बाजूने उचलायचा. मी दाखवतो."

"तोवर तुम्ही येणार नाही ना?"

"नाही. तू?"

"नाही," ती म्हणाली, आणि फाटकातून बाहेर पडेपर्यंत आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो.